आमच्या गावची दूध संस्था: २२ वर्षांच्या सभासदाचे परीक्षण

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या गावात दूध उत्पादकांची एक सहकारी संस्था आहे आणि गेली २२ वर्षे आमच्या घरचे दूध सकाळ-संध्याकाळ तिथेच जाते. अलीकडे गावात दोन खासगी संकलन केंद्रेही सुरू झाली आहेत, त्यामुळे नव्याने म्हैस किंवा गाय घेतलेली तरुण मुले दूध कुठे घालावे, असे मला विचारू लागली आहेत. त्यांना नुसता लिटरचा दर सांगून भागत नाही. दूध संस्था काय देते हे दर दहा दिवसांच्या बिलावरून थोडेसे कळते, वर्षाअखेरीच्या फरकावरून, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मिळणाऱ्या जादा रकमेवरून, थोडे अधिक कळते, आणि उरलेले कळायला एखादे वाईट वर्ष जावे लागते. अशी दोन-तीन वाईट वर्षे आमच्या गावाने पाहिली आहेत. त्यांचा हिशेब धरून हे परीक्षण लिहितो आहे.

आधी रोजची सेवा. संकलन सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी त्याच वेळेत चालते. दूध काट्यावर घेतले जाते, नमुना यंत्रात जातो, आणि फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक), दर व रक्कम अशा नोंदींची पावती हातात पडते. तोच तपशील मोबाइलवरही येतो. दर दहा दिवसांनी बिल बँकेच्या खात्यात जमा होते. माझ्या २२ वर्षांत हे बिल एक-दोन दिवस पुढे गेले असेल, पण बुडालेले नाही. उसाचे पैसे वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येतात आणि त्यांचा मोठा भाग सोसायटीच्या पीककर्जाकडे वळता होतो. घरातील किराणा, मुलांच्या वह्या, औषधपाणी आणि लग्नकार्यातला आहेर मात्र दुधाच्या बिलावर चालतो. आमच्या भागात कोणत्याही घरातील बाईला विचारले तर ती महिना तीस दिवसांचा मोजत नाही, दहा-दहा दिवसांच्या तीन बिलांनी मोजते.

सेवेतील सर्वांत जुनी तक्रार मापाची होती आणि ती खरी होती. जुना काटा १०० मिलिलिटरच्या टप्प्यांनी आकडा दाखवीत असे. किटलीत ४ लिटर २८० मिलिलिटर दूध असले तर पावतीवर ४.२ लिटर येई आणि वरचे ८० मिलिलिटर संस्थेच्या कॅनमध्ये विनामोबदला जाई. एका खेपेचा विचार केला तर ही रक्कम किरकोळ वाटते. मात्र प्रत्येक खेपेला सरासरी ४५ मिलिलिटर सुटतात असे धरले, तर दिवसाच्या दोन खेपा आणि वर्षाचे ३६५ दिवस मिळून एका घराचे जवळजवळ ३३ लिटर दूध होते. एका म्हशीवर संसार चालवणाऱ्या घराला ३३ लिटरची किंमत चांगली ठाऊक असते. हा प्रश्न वार्षिक सभेत सलग दोन वर्षे मांडला गेला आणि दोन्ही वेळा अध्यक्षांनी ‘पाहू’ असे म्हणून पुढचा विषय घेतला. तिसऱ्या वर्षी सुमारे ४० सभासदांनी सह्यांचे लेखी पत्र दिले, तेव्हा १० मिलिलिटरपर्यंत अचूक दाखवणारा काटा आला. दोन वर्षांच्या त्या दिरंगाईबद्दल मी संस्थेला आजही दोष देतो. त्याच वेळी हेही नोंदवतो की, खासगी केंद्राच्या काट्याबद्दल कुणाला तक्रार करायची असेल तर त्यासाठी सभा भरत नाही, अहवाल छापला जात नाही आणि सह्यांचे पत्र स्वीकारायला कुणी बांधील नसतो.

फॅटची तक्रार निराळी निघाली. शेजारच्या एका मावशींच्या म्हशीला काही महिने फॅट लागेना. सात-साडेसात लागणारी फॅट साडेपाचवर आली आणि एके सकाळी त्या रांगेतच मोठ्याने म्हणाल्या, “मशीन खोटं बोलतंय, न्हाईतर माझ्या म्हशीनं दुधात पाणी घातलं म्हणा!” रांगेतल्या दहा-बारा जणांनी त्यांची बाजू घेतली, कारण आपलीही फॅट कापली जात असावी असा संशय प्रत्येकाच्याच मनात होता. सचिवांनी त्या दिवशी वाद घातला नाही. दोन दिवसांनी त्यांनी जिल्हा दूध संघाच्या प्रयोगशाळेतील एका जाणकाराला बोलावले आणि सर्वांसमोर जुन्या गर्बर पद्धतीने तपासणी करून दाखवली. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर हळूच १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की फॅट वेगळी होऊन नळीच्या खुणांवर वाचता येते. सहा जणांच्या नमुन्यांचे आकडे यंत्राच्या आकड्यांशी जवळजवळ जुळले आणि मावशींच्या दुधाचाही आकडा जुळला. मग त्या जाणकाराने मावशींना धार कशी काढता, हे विचारले. रेडकाला पाजण्यासाठी त्या शेवटच्या धारा राखून ठेवत होत्या. पहिल्या धारांचे दूध पातळ असते आणि फॅट मुख्यतः शेवटच्या धारांत उतरते, म्हणून रेडकाला आधी पाजून शेवटपर्यंत धार काढावी, असे त्याने समजावले. पुढच्या आठवड्यात मावशींची फॅट सातच्या जवळ आली. त्या सकाळी उघड्यावर झालेल्या त्या तपासणीने संस्थेवरचा जेवढा विश्वास वाढला, तेवढा कोणत्याही अहवालाने वाढला नसता. अशी तपासणी वर्षातून दोनदा ठरलेल्या तारखेला व्हावी, ही माझी मागणी अजून मान्य झालेली नाही.

दुधाखेरीज संस्था पशुखाद्य आणि खनिज मिश्रण उधारीवर देते व बिलातून हप्त्याने कापून घेते. कृत्रिम रेतनाची आणि पशुवैद्यकाची सोय संघामार्फत होते. नव्या म्हशीसाठी बँकेचे कर्ज हवे असल्यास बिलातून हप्ता कापून देण्याची हमीही संस्थाच देते. यांतील उधारीच्या पशुखाद्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो. म्हैस गाभण असताना शेवटचे दोन-तीन महिने ती भाकड असते, दुधाचे उत्पन्न थांबते आणि नेमक्या त्याच काळात तिला चांगला खुराक लागतो. गरीब घर सावकाराकडे पूर्वी जात असे ते अशाच वेळी. महाराष्ट्रातील सहकाराची मुळे या सावकारीतच आहेत. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचा उठाव सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यांनी सर्वप्रथम कर्जाचे कागद जाळले. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, त्यामागे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा हाच प्रश्न होता. आमच्या संस्थेच्या कोठीतून भाकड म्हशीसाठी निघणारे खाद्याचे पोते मला त्या जुन्या प्रश्नाचे छोटेसे उत्तर वाटते. त्या पोत्यासाठी कुणाला सोने गहाण ठेवावे लागत नाही आणि कुणाची पायरीही चढावी लागत नाही.

आता २०१९ च्या महापुराविषयी लिहितो, कारण संस्थेविषयीचे माझे मत पक्के झाले ते त्या ऑगस्ट महिन्यात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते, पाऊस थांबत नव्हता, आणि राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांवर धोक्याची पातळी असलेली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला. आमच्या गावाचा नदीकडचा अर्धा भाग बुडाला आणि माणसांना शाळेत व जनावरांना वरच्या माळावर हलवावे लागले. संघाची गाडी येणे शक्य नव्हते, त्यामुळे संकलन बंद पडले. संस्थेचे काम थांबले, असे वाटावे अशी ती परिस्थिती होती.

प्रत्यक्षात उलटे झाले. माळावर शेकडो जनावरे एकत्र आली, त्यांना वैरण नव्हती आणि कुणाची किती जनावरे आहेत याचा पत्ता नव्हता. तलाठी कार्यालयाचे कागद पाण्यात होते. संस्थेच्या सचिवांनी मात्र पाणी चढू लागताच सभासद नोंदवही आणि पशुखाद्याची उधारी वही डोक्यावर घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर नेली होती. कोणत्या घरात किती म्हशी, त्यांपैकी दुधावर किती, भाकड किती, कोणाकडे एकच गाय आहे आणि तिच्यावरच घर चालते, हे सारे त्या वह्यांमध्ये होते. जे वह्यांत नव्हते ते सचिवांच्या डोक्यात होते, कारण ते गावातल्या प्रत्येक घराचा चेहरा दिवसातून दोनदा पाहत आले होते. तिसऱ्या दिवशी बाहेरगावाहून वैरणीच्या पेंढ्या भरलेले ट्रॅक्टर येऊ लागले, तेव्हा त्यांचे वाटप या वहीवरून झाले. मोठ्या गोठ्यांना आधी आणि एका म्हशीवाल्याला उरलेसुरले, असे झाले नाही. जनावरांच्या संख्येप्रमाणे पेंढ्या मोजून दिल्या गेल्या आणि जो संस्थेचा सभासद नव्हता, त्याचेही नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेण्यात आले.

माळावर रोज निघणारे दूध विकता येत नव्हते. ते शाळेत उतरलेल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना देण्यात आले. संस्थेचे मापाडी तिथेही माप घेऊनच दूध वाटत होते आणि कुणी किती दिले, याची नोंद करीत होते. त्या दुधाचे पैसे मिळावेत अशी कुणाची अपेक्षा नव्हती, तरी संचालक मंडळाने पुढे संस्थेच्या निधीतून निम्म्या दराने ते दिले. पूर ओसरल्यावर घरात चिखल, भिजलेले धान्य आणि बंद पडलेली बँकेची शाखा एवढेच उरले होते, तेव्हा पुराआधीच्या दिवसांचे दुधाचे बिल सचिवांनी रोख वाटले. शासनाची मदत यायला अवकाश होता आणि अनेक घरांच्या हाती आलेला तो पहिला पैसा होता.

आपत्तीतून सावरण्याची गावाची ताकद याविषयी बरेच बोलले जाते. मी जे पाहिले त्यावरून सांगतो की, पुराच्या दिवशी नवी यंत्रणा उभी राहत नाही. जी यंत्रणा रोज चालत असते तीच त्या दिवशी उपयोगी पडते. आमच्या गावात निवडणुकांच्या वेळी स्थापन झालेली मंडळे आहेत, त्यांचे फलक आहेत, पदाधिकारी आहेत; पण त्यांच्याजवळ वही नव्हती. दूध संस्था वर्षाचे ३६५ दिवस, दिवाळीच्या सकाळीसुद्धा उघडी असते. तिथे माणसांना एकमेकांची खबर आपोआप लागते. एखाद्याची किटली सलग दोन वेळा आली नाही की रांगेतला कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला जातो.

पुढच्या दोन संकटांत हेच पुन्हा दिसले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा संस्थेसमोर चुन्याची वर्तुळे आखून संकलन चालू राहिले. हॉटेले व मिठाईची दुकाने बंद झाल्याने दुधाची मागणी घटली आणि गावातल्या खासगी केंद्रांनी गायीच्या दुधाचा दर खाली आणला, तरी संस्थेने येईल तेवढे दूध घेतले. २०२२ मध्ये गायींना लंपी त्वचारोगाने गाठले, तेव्हा लसीकरणाचे पथक गावात आल्यावर कोणाच्या गोठ्यात कधी जायचे याचे वेळापत्रक संस्थेनेच लावले. २०२४ मध्ये राज्य शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर केले. त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद, आधार जोडलेले बँक खाते अशा अटी होत्या, आणि स्मार्टफोन नसलेल्या सभासदांच्या नोंदी सचिवांनी व त्यांच्या मदतनिसाने रात्री उशिरापर्यंत बसून भरल्या.

रांगेविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे. आमच्या गावात वाड्या-वस्त्या जातींप्रमाणे वसलेल्या आहेत, देवळाच्या पारावर कोण कुठे बसतो हेही जुन्या रीतीने ठरलेले आहे. संस्थेच्या रांगेत मात्र जो आधी आला त्याचा नंबर आधी, आणि सगळ्यांचे दूध एकाच कॅनमध्ये पडते. पूर्वीच्या पिढीत काही घरांनी याला नाक मुरडले होते, असे वडील सांगत. ज्याला एक गुंठा जमीन नाही, त्याला विकास सोसायटीत पीककर्ज मिळत नाही आणि साखर कारखान्याचा तो ऊस उत्पादक सभासदही होऊ शकत नाही. पण रस्त्याकडेच्या गवतावर एक म्हैस सांभाळून तो दूध संस्थेचा पूर्ण सभासद होतो आणि २० म्हशींच्या गोठेमालकाइतकेच एक मत त्याला मिळते. सहकाराच्या सर्व प्रकारांत दूध संस्था मला सर्वांत मोकळी वाटते ती यामुळे. १९४६ साली आजच्या गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी सुरू केलेली ही दोन पातळ्यांची रचना, म्हणजे गावात प्राथमिक संस्था आणि जिल्ह्यात संघ, १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा संघामार्फत आमच्या जिल्ह्यात रुजली. भूमिहीन माणसाला गावाच्या अर्थकारणात बसायला जागा देणारी अशी दुसरी रचना मी पाहिलेली नाही.

असे असले तरी या मोकळेपणाची एक बाजू अपुरी आहे, आणि या परीक्षणात मी संस्थेचे सर्वांत जास्त गुण कापतो ते इथे. धार काढणे, शेण काढणे, वैरण आणणे आणि बहुतेक घरांत दूध संस्थेत नेणे ही कामे बायका करतात. सभासद वहीत नाव मात्र पुरुषाचे असते. कायद्याप्रमाणे संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत आणि त्या भरलेल्याही असतात, पण मी गेलेल्या कित्येक वार्षिक सभांत त्या संचालिकांच्या जागी त्यांचे पती पुढच्या खुर्च्यांवर बसलेले होते. सभासद नसलेली बाई सभेत प्रश्न विचारू शकत नाही. मावशींनी फॅटचा प्रश्न रांगेत विचारला, कारण रांगेशिवाय तो विचारण्याची दुसरी जागा त्यांना नव्हती. ज्यांच्या कष्टावर संस्था उभी आहे, त्यांनाच सभेचे दार बंद असेल तर ती उणीव गंभीर आहे, आणि ‘आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे’ हे उत्तर मला मान्य नाही.

निवडणुकीचा त्रासही आहे. दर पाच वर्षांनी दोन पॅनेल उभी राहतात आणि महिनाभर भाऊ भावाशी बोलत नाही. एका निवडणुकीनंतर हरलेल्या गटातील काही घरांनी दूध खासगी केंद्राकडे वळवले. त्यांतील बहुतेक वर्षभरात परतली, पण काही परतली नाहीत. बिनविरोध निवडणूक व्हावी असे मी म्हणणार नाही, कारण बिनविरोध मंडळाला प्रश्न विचारणारे कुणी उरत नाही आणि काट्याचा प्रश्न सुटला तो विरोधी गटाच्या रेट्यामुळेच.

दराची तुलना करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. उन्हाळ्यात दुधाची टंचाई असते, तेव्हा खासगी केंद्र लिटरला एक-दोन रुपये जास्त देते. हिवाळ्यात, पुष्टकाळात दूध वाढले की तो दर खाली येतो, कधी ‘आज दूध नको’ असाही निरोप येतो. संस्थेचा दर वर्षभर फारसा हलत नाही आणि दिवाळीच्या आधी वर्षभराच्या दुधावर फरक मिळतो. काही वर्षी तो लिटरमागे दोन रुपयांच्या वर गेला आहे. मी तीन वर्षांच्या पावत्या घेऊन बेरीज केली तेव्हा संस्थेकडे थोडे अधिक पैसे आले, पण तफावत फार मोठी नव्हती. ज्याला फक्त उन्हाळ्यातला दर पाहायचा आहे, त्याला खासगी केंद्र फायद्याचे वाटेल आणि त्याच्या हिशेबात चूक नसेल. त्याने दोन्हीकडे दूध घालू नये, इतकेच माझे म्हणणे आहे, कारण टंचाईत बाहेर आणि पुष्टकाळात संस्थेकडे असे केले की पुष्टकाळाचा सारा भार संस्थेवर पडतो आणि तो निष्ठेने दूध घालणाऱ्या इतर सभासदांच्या फरकातून वळता होतो.

नव्या सभासदाने पहिल्या महिन्यात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे: रोजची पावती जपून ठेवावी, बिलातील प्रत्येक कपातीचे कारण विचारावे, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेच्या आधी हिशेबाचा अहवाल मागून वाचावा. अहवालात पशुखाद्याची येणे बाकी आणि तपासणीसाठी काढलेल्या नमुन्याच्या दुधाचा हिशेब ही दोन पाने आधी पाहावीत. आमच्या संस्थेत नमुन्याच्या दुधाची विक्री कुठे जमा होते, हे अजून स्पष्ट लिहिले जात नाही आणि येत्या सभेत मी तोच प्रश्न विचारणार आहे.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या म्हशींचे खाते पत्नीच्या नावे करण्यासाठी मी अर्ज दिला. सचिवांनी तो लगेच घेतला, भागाची (शेअरची) रक्कम व प्रवेश फी भरून घेऊन पावती दिली आणि हा विषय संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवला जाईल, असे सांगितले. त्या पावतीचा फोटो पाहून शेजारच्या मावशींनी दुसऱ्या दिवशी सकाळी, रांगेत किटली खाली ठेवून, आपल्यासाठीही एक कोरा अर्ज मागून घेतला.